खाणीचं कर्ज, बाबांचे पंधरा लाख

साडेदहा टक्के व्याज, गुळगुळीत कागदाचा फॉर्म आणि त्यावर दुमजली घराएवढा डंपर. घरी आलेला हा फॉर्म समजून घेता घेता मी थेट २००८ च्या लंडनपर्यंत जाऊन आले!

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्तच झालेलं. मी सोफ्यावर आडवी होणार इतक्यात बाबांनी चष्म्यावरून बघत एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"हे बघ गं जरा. तू फायनान्स कंपनीत आहेस ना?"

मी फायनान्स कंपनीत आहे हे शंभर टक्के खरं. पण एचआरमध्ये. लोकांच्या रजा, अप्रेझल आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा हे माझं खातं. आठ वर्षं झाली, बाबांना हा फरक काही पटलेला नाही.

फॉर्म होता एका खाण कंपनीच्या एनसीडीचा. एनसीडी म्हणजे डिबेंचर. तुम्ही कंपनीला पैसे उसने द्यायचे, कंपनी व्याज देणार आणि मुदत संपली की मुद्दल परत. मुदत पाच वर्षं, व्याज साडेदहा टक्के. बँकेच्या एफडीपेक्षा चांगलं तीन टक्के जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आधीच भरला होता. बाबांची एक एफडी नुकतीच मॅच्युअर झालेली, पंधरा लाखांची. रिटायरमेंटला जे काही मिळालं त्यातला सगळ्यात मोठा तुकडा.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. गोष्ट त्या एका कंपनीची नाहीच.

"खाण म्हटलं की मला डिचोली आठवते," आई म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. बाबा एकदम गप्प. डिचोलीचं काय ते पुढे सांगते.

आकडा नको, तारखा बघ

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या त्या कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड केला. साडेतीनशे पानं! पहिली शंभर पानं हसऱ्या बायका, हिरवी झाडं आणि चेअरमनसाहेबांचं पत्र. कर्जाचा आकडा शेवटी कुठेतरी, नोट नंबर अमुक, 'लाँग टर्म बॉरोइंग्ज'. कोटींमध्ये पाच आकडे. मला माझं होम लोन आठवून पोटात गोळा आला.

लंच अवरमध्ये डबा घेऊन आमच्या ट्रेझरीतल्या मॅडमना गाठलं. या बाईंना ताळेबंद वाचताना बघणं म्हणजे माझ्या आजीला तांदूळ निवडताना बघण्यासारखं आहे. नजर फिरते आणि बोट बरोबर खड्यावर जातं.

"मॅडम, केवढं हे कर्ज!"

"आकडा नंतर बघ. आधी तारखा बघ. कुठलं कर्ज कधी फेडायचंय ते शोध." मग भेंडीचा घास घेऊन म्हणाल्या, "आणि रिओ टिंटोचं २००८ वाच. खाणवाल्यांचं कर्ज म्हणजे काय ते त्यात सगळं आहे."

मला वाटलं रिओ टिंटो हा फुटबॉलपटू असेल. असो.

खाणीला कर्ज लागतंच का?

लागतं, आणि त्यात वावगं काही नाही. खाण म्हणजे दुकान नव्हे, की शटर वर केलं आणि धंदा सुरू. आधी जमिनीखाली काय आहे ते ड्रिल करून शोधायचं, मग परवानग्या, मग वरची माती-दगड काढायचे, रस्ता, रेल्वे, कधी कधी स्वतःचं बंदर. पहिला टन विकला जायच्या आत दहा वर्षं सहज जातात. तोवर पैसे फक्त बाहेर. एवढा मोठा खर्च एका वर्षाच्या नफ्यातून कोण करणार? म्हणून लांब मुदतीचं कर्ज. वीस वर्षं चालणाऱ्या खाणीसाठी दहा वर्षांचं कर्ज काढलं तर हिशेब शहाणपणाचाच.

पण तुमच्या-माझ्या होम लोनमध्ये आणि या कर्जात एक जबरदस्त फरक आहे. तो मला मॅडमनी टिश्यू पेपरवर काढून दाखवला. आपण ईएमआय भरतो. पहिल्या महिन्यापासून थोडं व्याज, थोडं मुद्दल. सुरुवातीला व्याजच जास्त असतं, तरी मुद्दल कणाकणाने कमी होत राहतं. मोठ्या कंपन्यांचे बाँड बहुतेक असे नसतात. वर्षानुवर्षं फक्त व्याज द्यायचं आणि शेवटच्या दिवशी अख्खं मुद्दल एकदम.

मग कंपनी ते एकदम कुठून आणते? बऱ्याचदा नवा बाँड काढून. याला रिफायनान्स म्हणतात. याची टोपी त्याला! मी तोंडाचा चंबू केला तशा मॅडम हसल्या. "अगं, यात लबाडी नाही. सगळं जग असंच चालतं. फक्त ज्या दिवशी जुनी टोपी परत करायची, त्या दिवशी नवी टोपी देणारा कुणीतरी हवा."

आता दुसरी गंमत. समजा तुमचा पगार तुमचा बॉस ठरवत नाही, लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर रोज ठरतो. काम तेवढंच, तासही तेवढेच, पण या महिन्यात ऐंशी हजार आणि सहा महिन्यांनी तीस. खाण कंपनीचं हे रोजचं जगणं आहे. जुलै २००८ मध्ये तांबं टनाला नऊ हजार डॉलरच्या जवळ होतं. त्याच वर्षीच्या नाताळात ते तीन हजारांच्याही खाली आलेलं. ॲल्युमिनियम तेहतीसशेच्या आसपास होतं, ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तेराशेवर. या पगारावर बँक आपल्याला टू-व्हीलरचं लोन तरी देईल का?

रिओ टिंटो: नफा रेकॉर्डब्रेक, तरी घाम फुटला

रिओ टिंटो ही १८७३ मधली कंपनी. नाव स्पेनमधल्या एका नदीचं, तिथल्या तांब्याच्या खाणीवरून पडलेलं. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक. मे २००७ मध्ये टॉम अल्बानीज तिचे सीईओ झाले. दोनच महिन्यांनी, जुलैत, कंपनीने कॅनडाची ॲल्युमिनियम कंपनी अल्कॅन विकत घ्यायचं ठरवलं. किंमत ३८.१ अब्ज डॉलर, सगळी रोख. आधी अल्कोआ या अमेरिकन कंपनीने अल्कॅनसाठी बोली लावली होती, तिच्यापेक्षा ही सुमारे दहा अब्जांनी जास्त. चीन धातू अक्षरशः गिळत होता, भाव चढेच होते, सगळ्यांच्या अंगात आलेलं होतं. लिलावात हात वर राहतो तसा रिओचा राहिला.

पैसे कुठून? बँकांच्या गटाकडून ४० अब्ज डॉलरची कर्जाची सोय. २००७ च्या अखेरीस निव्वळ कर्ज, म्हणजे हातातली रोकड वजा करून उरलेलं, ४५.२ अब्ज डॉलर.

आता टिश्यू पेपरवरचा खरा मुद्दा. हे कर्ज एकाच मुदतीचं नव्हतं. त्यातले काही अब्ज २०१२ पर्यंत द्यायचे होते, ते निवांत. पण मोठा हिस्सा लवकर परत करायचा होता. कारण प्लॅन असा होता की अल्कॅन घेऊन झाल्यावर नको असलेले धंदे विकायचे आणि त्या पैशांतून हा हिस्सा फेडून टाकायचा. म्हणजे नवीन फ्लॅट घेताना जुना विकला जाईल या भरवशावर थोड्या दिवसांचं लोन काढतात ना, तसं. आमच्या एका मित्राने हे केलंय. जुन्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याचे केस पांढरे झाले.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. धातूंचे भाव कोसळले. विकायला काढलेल्या धंद्यांना गिऱ्हाईक नाही, कारण ज्यांना घ्यायचे त्यांनाही बँका पैसे देईनात. आणि कॅलेंडरवर दोन तारखा लाल शाईत: ऑक्टोबर २००९ मध्ये ८.९ अब्ज डॉलर, ऑक्टोबर २०१० मध्ये आणखी १० अब्ज.

मी ज्या वाक्यापाशी थांबले ते हे: २००८ या वर्षाचा रिओचा मूळ धंद्यातला नफा १०.३ अब्ज डॉलर होता. तोवरचा विक्रम! (अल्कॅनसाठी जास्त पैसे मोजले हे कबूल करून पुस्तकातली किंमत कमी केली, त्यामुळे अंतिम आकडा ३.७ अब्जांवर आला, ते वेगळं.) म्हणजे विक्रमी कमाईच्या वर्षात या कंपनीला झोप नव्हती. व्याज भरायला पैसे होते. खाणी उत्तम होत्या. ऑस्ट्रेलियातलं लोहखनिज जगात एक नंबर. प्रश्न फक्त त्या दोन तारखांचा होता.

नोव्हेंबर २००८ मध्ये बीएचपीने, म्हणजे रिओच्या सख्ख्या स्पर्धकाने, रिओला विकत घ्यायचा स्वतःचा प्रस्ताव मागे घेतला. एक कारण हेच, रिओला घेतलं तर तिचं कर्जही पदरात पडणार. त्या दिवशी लंडनमध्ये रिओचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला. डिसेंबरात कंपनीने जाहीर केलं: १४,००० माणसं कमी करणार, पुढच्या वर्षीचा भांडवली खर्च ९ अब्जांवरून ४ अब्जांवर आणणार.

हे वाचताना माझ्यातली एचआरवाली जागी झाली. १४,००० माणसं. त्यातल्या बहुतेकांनी अल्कॅन हे नावही रोजच्या कामात ऐकलं नसेल. त्यांच्या हाताला काम होतं की नाही, ते चांगलं करत होते की नाही, याचा प्रश्नच नव्हता. लंडनमधल्या एका करारावर 'ऑक्टोबर २००९' लिहिलेलं होतं, बस्स.

फेब्रुवारी २००९ मध्ये चीनची सरकारी कंपनी चायनाल्को पुढे आली: १९.५ अब्ज डॉलर देतो, बदल्यात काही खाणींमध्ये वाटा आणि शेअरमध्ये बदलता येतील असे बाँड द्या. जुने शेअरहोल्डर भडकले. आमच्या घरात संकट आलं तर आधी आम्हाला विचारायचं सोडून परक्याला वाटा? ऑस्ट्रेलियातही राजकारण तापलं. तोवर बाजार थोडा सावरला होता. ५ जून २००९ ला रिओने चायनाल्कोला नाही म्हटलं, करार मोडल्याबद्दल १९.५ कोटी डॉलर मोजले आणि स्वतःच्याच शेअरहोल्डरांपुढे हात पसरला. प्रत्येक ४० शेअरमागे २१ नवे शेअर, लंडनमध्ये १४ पौंडांना, म्हणजे बाजारभावाच्या जवळपास निम्म्यात. यातून आले १५.२ अब्ज डॉलर. त्या वर्षीचा मधला डिव्हिडंड रद्द.

आणि मग? कंपनी वाचली. २००९ च्या अखेरीस निव्वळ कर्ज १८.९ अब्ज, २०१० च्या अखेरीस ४.३ अब्ज. धातूंचे भाव परत चढले होते. पण जानेवारी २०१३ मध्ये आणखी १४ अब्ज डॉलर पुस्तकातून पुसावे लागले, त्यातला मोठा भाग ॲल्युमिनियमचाच, आणि अल्बानीज यांना पायउतार व्हावं लागलं.

साडेदहा टक्के कोण देतं?

रिओच्या गोष्टीतला मला सगळ्यात कामाचा वाटलेला तुकडा मात्र मथळ्यांमध्ये नव्हताच. जून २००८ मध्ये, म्हणजे वादळाच्या आधी, रिओने दहा वर्षांचा बाँड काढला होता. व्याज साडेसहा टक्के. एप्रिल २००९ मध्ये तिने पुन्हा दहा वर्षांचा बाँड काढला. व्याज नऊ टक्के. तीच कंपनी, त्याच खाणी, तीच मुदत. मध्ये फक्त दहा महिने गेले होते!

मी सोमवारी रात्री लॅपटॉपसमोर बसून हे दोन आकडे कितीतरी वेळ बघत होते. फॉर्मवरच्या साडेदहा टक्क्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. बाबा म्हणत होते, "कंपनी जास्त देतेय." कंपनी हौसेने जास्त देत नाही हो बाबा. स्वस्तात देणारे असते तर तिने त्यांच्याकडून घेतले नसते का? तीन टक्के जास्त म्हणजे बोनस नव्हे. ती तुमच्या काळजीची आगाऊ मजुरी आहे.

अल्बानीज भारतात, आणि मग डिचोली

गंमत बघा, हेच टॉम अल्बानीज २०१३ मध्ये वेदांता रिसोर्सेसमध्ये आले आणि २०१४ ते २०१७ तिचे सीईओ होते. अनिल अग्रवाल यांची ही कंपनी. आपल्याकडच्या वाचकाला खाणकंपनीच्या कर्जाचा आणखी एक पैलू इथे कळतो: कर्ज कुणाच्या नावावर आहे?

वेदांता रिसोर्सेस ही वरची, मालक कंपनी. २००३ मध्ये लंडनच्या शेअरबाजारात नोंदली गेली, २०१८ मध्ये तिथून बाहेर पडली. तिच्या खाली भारतातली वेदांता लिमिटेड, तिच्या खाली हिंदुस्तान झिंक. खनिज निघतं खालच्या मजल्यांवर, आणि वरच्या मजल्याचं स्वतःचं मोठं कर्ज. वरच्याने ते फेडायचं कसं? मुख्यतः खालून वर येणाऱ्या डिव्हिडंडमधून. २०२२-२३ या वर्षात वेदांता लिमिटेडने शेअरमागे १०१.५० रुपये डिव्हिडंड दिला, हिंदुस्तान झिंकने ७५.५० रुपये. शेअरहोल्डर खूश, त्यांच्या खात्यातही आले. पण पाणी खालच्या मजल्यावरून गच्चीच्या टाकीत चढत होतं हेही खरं. तरी जानेवारी २०२४ मध्ये वरच्या कंपनीला बाँडवाल्यांपुढे जावं लागलं: एकूण ३.२ अब्ज डॉलरचे बाँड, तारखा पुढे ढकला. बाँडवाल्यांनी मान्य केलं. काही पैसे लगेच रोख मिळाले, बाकीची मुदत वाढली. पुढे त्याच वर्षी कंपनीने नवे, कमी व्याजाचे बाँड काढून ती महागडी कर्जं फेडायला सुरुवातही केली. म्हणजे परत तेच. मुद्दलाच्या आकड्यापेक्षा तारीख मोठी.

गोव्यातली सेसा गोवा ही लोहखनिजाची कंपनी वेदांताने २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून घेतली. आता येते डिचोली.

बाबांचे एक मावसभाऊ डिचोलीला. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांचे दोन ट्रक होते, खाणीवरून जेटीपर्यंत खनिज वाहायचे. दोन्ही बँकेच्या कर्जावर घेतलेले. त्या काळात त्या भागात ज्याच्या त्याच्या दारात ट्रक होता. चीन माल उचलत होता, रोज चार-पाच खेपा व्हायच्या, हप्ता सहज निघायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. बेकायदा खाणकामाचा प्रश्न होता आणि तो खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण काकांच्या हप्त्याची तारीख काही थांबली नाही.

२०१३ च्या मे महिन्यात आम्ही गेलो होतो. ट्रक अंगणात विटांवर चढवून ठेवलेले, टायर काढून घरात. काकू हसून म्हणाल्या होत्या, "आता कोंबड्या बसतात त्यात." गावोगावी हेच. पुढे सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जसवलतीची योजना आणावी लागली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाला परवानगी दिली, थोडी हालचाल झाली. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. काकांनी तोवर एक ट्रक भंगाराच्या भावात काढला होता. दुसऱ्यासाठी बाबांनी काही पैसे दिले होते, हे मला या रविवारी पहिल्यांदा कळलं. ते परत आले की नाही, हे मी विचारलं नाही. आई आत का निघून गेली ते कळलं.

मोठ्या कंपनीच्या हातात निदान काही तरी असतं. धंदा विकता येतो, शेअर काढता येतात, बाँडवाल्यांची मीटिंग बोलावता येते. काकांकडे कोंबड्या होत्या.

तसं बघितलं तर कर्जाशिवाय खाण चालतच नाही असंही नाही हं. नागपूरची मॉइल बघा. भंडारा, नागपूर, बालाघाट भागात मँगनीज काढणारी सरकारी कंपनी, वर्षानुवर्षं जवळपास कर्जाविना चाललेली. खाणी जुन्या, उडी मोठी नाही, कुणाला चाळीस अब्जांना विकत घ्यायची घाई नाही. पार्टीत सांगायला बोअर, पण झोप छान लागत असणार.

परत फॉर्मकडे

बुधवारी मॅडमनी रिपोर्टमध्ये दोन पानं दाखवली. तुम्हीही ती शोधा, कुठल्याही कंपनीत असतात. एक म्हणजे लिक्विडिटी रिस्कचा तक्ता: एका वर्षात किती द्यायचे, पुढच्या काही वर्षांत किती, पाच वर्षांनंतर किती. दुसरं, 'करंट मॅच्युरिटीज ऑफ लाँग टर्म बॉरोइंग्ज'. नाव लांबलचक, अर्थ साधा. दहा वर्षांचं कर्ज नऊ वर्षं 'लाँग टर्म' या रकान्यात सुखाने बसलेलं असतं. शेवटचं वर्ष लागलं की ते उठून 'करंट'मध्ये, म्हणजे यंदाच्या देण्यांत येऊन बसतं. नुसता लाँग टर्मचा आकडा बघून "वा, कर्ज कमी झालं" म्हणणारे इथे फसतात. कर्ज कमी झालेलं नसतं, फक्त दारापर्यंत आलेलं असतं.

आमच्या फॉर्मवाल्या कंपनीचा तक्ता असा होता: पहिल्या वर्षी थोडं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात मिळून निम्म्याहून जास्त, मग पुन्हा थोडं. मधोमध उंट बसल्यासारखा. आणि बाबांची एनसीडी पाचव्या वर्षी! म्हणजे बाबांच्या आधी रांगेत पुष्कळ मंडळी. त्यांचं भागल्यावर बाबांचा नंबर.

अजून एक गोष्ट मॅडमनी विचारली जी मला सुचलीच नसती. "खाणीची लीज कधी संपते?" २०१५ पासून आपल्याकडे मोठ्या खनिजांच्या नव्या लीज लिलावाने दिल्या जातात, आणि स्वतःच्या कारखान्यासाठी नसलेल्या बऱ्याच जुन्या लीज ३१ मार्च २०२० ला संपल्या. कर्ज पाच वर्षांचं आणि लीज चारच वर्षांची, असं असेल तर पाचव्या वर्षी फेडणार कशातून? या कंपनीच्या मोठ्या खाणीची लीज लांबची निघाली. तेवढी एक बाजू भक्कम. कर्ज तारण ठेवून होतं, हीसुद्धा. मला कंपनी वाईट आहे असं कुठेच वाटलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. रिओसुद्धा वाईट नव्हती.

शेवटी ऑफर डॉक्युमेंटमध्ये 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' शोधलं. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेऊन आम्ही काय करणार. तिथे नव्या खाणीचं नाव नव्हतं. मुख्य ओळ एकच: सध्याच्या कर्जाची परतफेड.

शनिवारी रात्री मी बाबांच्या शेजारी बसून ती ओळ दाखवली. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्याखाली रेघ मारली. ऑफिसात फाइलींवर मारायचे तशीच, पट्टी न लावता सरळ.

"म्हणजे आधीच्या लोकांचे पैसे द्यायला आपले पैसे."

"हो."

"आणि आपले द्यायला पुढच्यांचे."

"बहुतेक. धंदा चांगला चालला तर काही स्वतःच्या कमाईतूनही."

"बुडेल का?"

"बाबा, नाही वाटत. पण दोन वर्षांनी त्यांना खूप मोठी रक्कम द्यायचीय. तेव्हा भाव पडलेले असले तर..."

"तर डिचोली," बाबा म्हणाले.

बराच वेळ बोलले नाहीत. टीव्हीवर कुठली तरी मालिका चालू होती, आवाज बंद. मी काय सल्ला द्यायचा ते ठरवून आले होते: अजिबात नको. पण पैसे त्यांचे होते. आणि खरं सांगायचं तर एफडीच्या व्याजात त्यांचं औषधपाणी भागत नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. साडेदहा टक्क्यांचा मोह हा लोभ नव्हता. मेडिकलचं बिल होतं ते.

बाबांनी ठरवलं ते असं: बारा लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये, एक लाख हाताशी, दोन लाख त्या एनसीडीत. "दोन गेले तर वाईट वाटेल, पण झोप लागेल," म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तो तक्ता कुठल्या पानावर असतो गं?"

मी निघताना बाबा दुधाचा हिशेब लिहायच्या डायरीत त्या कंपनीच्या तारखा उतरवून घेत होते. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, समोर कोटींचे आकडे, आणि सगळ्यात खाली आपले दोन लाख. मग मान वर न करताच विचारलं, "तुझं घराचं कर्ज फ्लोटिंग आहे की फिक्स्ड?"

मला आठवेना. पुढच्या रविवारी स्टेटमेंट घेऊन बोलावलंय.